पुस्तकं पोचली, ग्रंथालय पोचलं का?

मागच्या व्याख्यानात दान आणि ऋण या दोन कल्पनांमधला फरक आपण पाहिला. त्यावर काही श्रोत्यांचं म्हणणं आलं की हे फार हवेत झालं, एखादं जमिनीवरचं उदाहरण घ्या. तर आज तसं उदाहरण घेऊ. युरोप-अमेरिकेतली ख्रिस्ती मिशन मंडळं आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात जातात आणि शाळेत ग्रंथालय उभं करून येतात. हे काम चांगलं की वाईट, असा प्रश्न आम्ही विचारणार नाही. तो फार लवकर सुटतो आणि हाती काही लागत नाही. आमचा प्रश्न असा की त्या दोन आठवड्यांत नेमकं काय दिलं जातं?

आधी हे काम होतं कसं, ते पाहू. अशा छोट्या धर्मसेवा-दौऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ माणसं अशा दौऱ्यांवर परदेशी जातात. त्यातले सगळे काही ग्रंथालयं उभारत नाहीत. कोणी विहीर खणतं, कोणी दवाखाना चालवतं. पण ग्रंथालय हे काम दौऱ्याला सोयीचं. चर्चमध्ये वर्षभर पुस्तकं गोळा होतात. मुलं मोठी झाली म्हणून घरातून निघालेली गोष्टींची पुस्तकं, शाळेनं बदललेली पाठ्यपुस्तकं, सार्वजनिक ग्रंथालयानं बाद केलेले ज्ञानकोश. खोकी भरतात, कंटेनर निघतो. मलावीसारखा देश असेल तर त्याला समुद्रच नाही, म्हणून मोझांबिकमधल्या बेइरा किंवा नकाला बंदरात, नाहीतर टांझानियातल्या दार-एस-सलामला माल उतरायचा आणि पुढे शेकडो किलोमीटर ट्रकनं जायचा. मग मंडळी येतात, खोली रंगवतात, फळ्या ठोकतात, पुस्तकं विषयवार लावतात. शेवटच्या दिवशी फीत कापायची, मुलांनी गाणं म्हणायचं, फोटो काढायचा.

यातली मेहनत खोटी नाही, बरं का. स्वतःच्या रजा आणि स्वतःचे पैसे खर्चून माणसं जातात. पण फीत कापल्यावर काय होतं? पुष्कळ ठिकाणी खोलीला कुलूप लागतं.

हे ऐकून आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांना हसू येईल, कारण ही गोष्ट त्यांना पाठ आहे. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम, म्हणजे ऑपरेशन ब्लॅकबोर्ड सुरू झाली, तेव्हा प्राथमिक शाळांना जे साहित्य द्यायचं ठरलं त्यात पुस्तकंही होती. किती शाळांत ती कपाटातून बाहेर आली? मुख्याध्यापकांना दोष देऊ नका. पुस्तक एकदा डेडस्टॉक रजिस्टरला चढलं की हरवल्यावर जबाब त्यांना द्यावा लागतो, आणि न वाचलं गेल्यावर मात्र कोणीही जबाब मागत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावणार! आफ्रिकेतल्या खेड्यातला शिक्षकही तितकाच शहाणा आहे. त्यात ही पुस्तकं पाहुण्यांनी दिलेली. पुढच्या वर्षी ते परत आले आणि पुस्तकं फाटलेली दिसली तर? म्हणून ती नवी कोरी राहतात.

इथे आपला तात्त्विक मुद्दा येतो. फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की निव्वळ भेट अशी गोष्ट समाजात जवळजवळ नसते. देणं, घेणं आणि परत फेडणं हे तिन्ही बांधलेले असतात. ज्याला फेडता येत नाही तो खाली जातो. आता त्या शाळेनं फेडायचं कशानं? गाण्यानं, टाळ्यांनी, आभारानं आणि पुस्तकं जपून. म्हणजे कुलपानं! कुलूप हा त्या भेटीचा परतावा आहे. कांटनं १७९७ च्या नीतिविषयक ग्रंथात उपकारकर्त्याला एक अवघड अट घातली आहे. देणाऱ्यानं असं वागावं की घेणाऱ्यानं स्वीकार करून आपल्यालाच उपकृत केलं आहे. आम्ही हे वर्गात शिकवायचो तेव्हा विद्यार्थी विचारायचे, हे शक्य आहे का? मनात आणून शक्य नाही. पण व्यवस्थेनं शक्य होतं, आणि ग्रंथालय ही तशी एक व्यवस्था आहे.

आपल्या भाषेत एक सुरेख शब्द आहे, उसनं. दान नव्हे, भीक नव्हे, कर्जही नव्हे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, चार दिवसांनी वाटी परत गेली. यात कोणी कोणापुढे वाकत नाही. वाटी परत करायची हा नियम आहे, ती काही कृतज्ञता नव्हे. ग्रंथालय उसनवारीवर चालतं. मूल पुस्तक नेतं, आठ दिवसांनी आणून देतं, दुसरं नेतं. त्या व्यवहारात ते कोणाचंही उपकृत नसतं. त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो, एवढंच. म्हणून पुस्तकं देणं आणि ग्रंथालय देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कंटेनरमधून जाते. दुसरी जात नाही, कारण तिच्यासाठी रोज खोली उघडणारा, नोंद करणारा आणि हरवलेल्या पुस्तकाकडे थोडा कानाडोळा करणारा माणूस लागतो.

आता भाषेकडे येऊ. मलावीच्या उत्तर भागातलं मूल घरी तुंबुका बोलतं. १९६८ मध्ये हेस्टिंग्ज बांदा यांच्या सरकारनं चिचेवा ही राष्ट्रभाषा ठरवली आणि तुंबुका शाळेतून, रेडिओवरून गेली. वरच्या वर्गांत इंग्रजी. म्हणजे मुलाच्या तीन भाषा, आणि कंटेनर येतो तो तिसरीचा. त्यातही बर्फातल्या सहलीच्या गोष्टी. दूरच्या देशाच्या गोष्टी मुलांनी वाचू नयेत असं आम्ही म्हणत नाही. आपणही लहानपणी दूरदेशीच्याच गोष्टी वाचल्या, पण त्या मराठीतून. खिडकी हवी हे खरं, पण आधी घर तर हवं.

गंमत अशी की याच भागात तुंबुकेला शाळेची भाषा करण्यात मिशनचाच मोठा वाटा होता. लिव्हिंग्स्टोनिया हे स्कॉटिश मिशन १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या काठी सुरू झालं, आणि १८९४ मध्ये डोंगरावर खोंडोवे इथे स्थिरावलं. ते नाव ज्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनवरून पडलं, त्याचा आपल्याशीही एक धागा आहे. १८७३ मध्ये तो आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराईट होता. गुलामीतून सुटलेला हा आफ्रिकन मुलगा नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनच्या आश्रमशाळेत लिहायला-वाचायला शिकला होता. झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंद कोरली ती त्यानं, आणि त्या प्रवासाची रोजनिशीही त्यानं लिहिली. साक्षरता तेव्हा नाशिकहून आफ्रिकेत गेली, हे आपण सहसा विसरतो.

तर खोंडोवेचे डॉ. रॉबर्ट लॉज. हे गृहस्थ १८७५ मध्ये आले आणि १९२७ मध्ये परतले. मधल्या रजा सोडल्या तर बावन्न वर्षं! भाषा शिकायला, व्याकरण लिहायला, शिक्षक तयार करायला वेळ होता. आजचा दौरा पंधरा दिवसांचा. जुन्या मिशनऱ्यांवर साम्राज्याची सावली होती, यात शंका नाही. पण मुलाच्या भाषेत वाचन सुरू करायला हवं, हे त्यांना आजच्या पाहुण्यांपेक्षा जास्त कळलं होतं. आपल्याकडेही तेच. अहमदनगरहून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं ते मराठीत.

मग काय, बावन्न वर्षं राहिलं की प्रश्न सुटतो? नाही. जो राहतो तो निवडतोही. आणि जो निवडतो तो अडवतोही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लेसोथोमधलं आहे. मोरिजा या गावी पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशननं १८३३ मध्ये ठाणं उभारलं, सेसोथो भाषा लिपीत आणली, छापखाना काढला, १८६३ पासून त्या भाषेत वर्तमानपत्र चालवलं. शाळा, छापखाना, ग्रंथभांडार, सगळं एका ठिकाणी. तिथेच शिकलेला आणि तिथल्याच पुस्तकांच्या कामात असलेला थॉमस मोफोलो यानं १९०७ मध्ये सेसोथोतली पहिली कादंबरी दिली. ती ख्रिस्ती वळणाची होती, मिशन खूश. नंतर त्यानं झुलू राजा शाका याच्यावर ‘चाका’ लिहिली. १९१० च्या सुमारास हस्तलिखित मिशनच्या हातात होतं. त्यात जुन्या चालीरीती, मांत्रिक, मंत्रतंत्र होतं, आणि त्याचा निषेध हवा तितका ठळक नव्हता. काही मिशनऱ्यांना वाटलं, हे वाचून लोक मागे जातील. पुस्तक निघालं १९२५ मध्ये. पंधरा वर्षं! आज आफ्रिकन साहित्याचा इतिहास त्या पुस्तकाशिवाय लिहिता येत नाही. ज्या हातांनी मोफोलोला अक्षर दिलं, त्याच हातांनी त्याचं पुस्तक मेजाच्या खणात ठेवलं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे. यातलं एकच सांगणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात.

इथे आपल्या श्रोत्यांच्या मनात धर्मांतराचा प्रश्न आला असेल. तो थोडा बाजूला ठेवा, कारण मलावीसारख्या देशात तो आपल्याला वाटतो तसा उरलेला नाही. तिथले बहुसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत, त्यांची स्वतःची चर्चसंस्था आहे, त्यांचे स्वतःचे धर्मगुरू आहेत. पाहुणे येतात ते त्यांचे सहधर्मी म्हणून. त्यामुळे फळीवर बायबल असावं की नाही यावर तिथे कोणी भांडत नाही. भांडण असलंच तर ते असावं यावर, की यादी कोण करतो. गावातल्या शिक्षिकेला ‘ही चाळीस पुस्तकं नकोत, परत न्या’ असं म्हणता येतं का? नको म्हणण्याचा अधिकार नसेल, तर होकाराला तरी काय किंमत?

आता आमच्याच म्हणण्याविरुद्ध जाणारं एक उदाहरण सांगतो, कारण ते टाळणं प्रामाणिक होणार नाही. मलावीच्याच कासुंगू जिल्ह्यात विंबे नावाचं गाव आहे. २००१-०२ च्या दुष्काळात विल्यम काम्क्वाम्बा या मुलाची शाळा फी नसल्यामुळे सुटली. वय चौदा. तो गावच्या प्राथमिक शाळेतल्या छोट्या ग्रंथालयात जाऊ लागला. ग्रंथालय परदेशी मदतीतून आलेलं, मिशनचं नव्हे. पण पुस्तकं तशीच, देणगीतली. तिथे त्याला ऊर्जेवरचं एक अमेरिकन पाठ्यपुस्तक सापडलं, मुखपृष्ठावर पवनचक्क्या. इंग्रजी जेमतेम. आकृत्या पाहून, शब्द जुळवून त्यानं अर्थ लावला, आणि सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा, निलगिरीचे वासे जोडून पवनचक्की उभी केली. घरात दिवा लागला. पुढे त्यावर पुस्तक निघालं, चित्रपट निघाला.

म्हणजे बाद झालेलं, परक्या भाषेतलं पाठ्यपुस्तकसुद्धा कामाला आलं की! मग आमची सगळी टीका फुकट? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. कंटेनरवाले ही गोष्ट नेहमी सांगतात आणि पुस्तकावर बोट ठेवतात. आम्हाला त्यात दुसरीच गोष्ट मोठी दिसते. तो मुलगा त्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. तो कुठल्याच शाळेचा नव्हता. तरी खोली उघडी होती, आणि ग्रंथपाल बाईंनी त्याला पुस्तक घरी नेऊ दिलं, पुन्हा पुन्हा नेऊ दिलं. डेडस्टॉकच्या हिशेबानं हे चूकच. त्या बाई नसत्या तर ते पुस्तक आजही नवं कोरं असतं.

म्हणून दौऱ्यावर जाणाऱ्यांनी आम्हाला विचारलं तर (अजून कोणी विचारलेलं नाही!) आम्ही एवढंच सांगू की कंटेनरचं भाडं आधी मोजा. त्या पैशात तिथल्याच एखाद्या माणसाला किती महिने मानधन देता येईल, ते काढा. पुस्तकं शक्यतो त्याच देशातल्या प्रकाशकांकडून, शिक्षकांनी केलेल्या यादीप्रमाणे घ्या. पहिल्या दिवशीच लिहून द्या की इतकी पुस्तकं दरवर्षी हरवतील, फाटतील, आणि त्याचा जबाब कोणी मागणार नाही. मुलांच्या भाषेत पुस्तकंच नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी खरी नाही. दक्षिण आफ्रिकेतून २०१४ मध्ये ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात गोष्टी मुक्त परवान्यानं मिळतात, कोणीही आपल्या भाषेत करून छापाव्यात. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या प्रथम बुक्सनं ‘स्टोरीव्हीवर’ काढलं, आणि त्यावर त्या आफ्रिकन गोष्टीही आल्या. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोरही आज त्या उघडू शकतं. यात देणारा कोण आणि घेणारा कोण, सांगता येत नाही. वाटी इकडून तिकडे फिरते आहे.

वेळ संपत आली. मोस यांच्या निबंधातला परतफेडीचा भाग पुढच्या वेळी घेऊ; तोवर त्यातलं पहिलं प्रकरण वाचून ठेवलंत तर बरं. आता प्रश्न घेऊ.