डबलसीट नको, डबल सायकल!

माहीत आहे का? आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि कोकणचा किनारा थेट शून्यावर! मग जोडीनं किनारा सायकलवर करायचं ठरलं की वाटतं, रविवारी दौलताबादचा घाट चढणाऱ्या पायांना तिकडं काय अवघड? सगळी सपाट वाळू! थांबा मंडळी. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग 500 किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सपाट राहणं त्याच्या स्वभावातच नाही.

कारण एकदम इंटरेस्टिंग! सह्याद्रीतून पश्चिमेला निघणाऱ्या नद्यांना समुद्र हाकेच्या अंतरावर, म्हणून त्या घाईघाईनं धावतात आणि मुखाशी खोल खाड्या कोरतात. दोन खाड्यांच्या मधली जमीन तशीच उंच उभी राहते. तिचा माथा म्हणजे सडा. (अंगणातला शेणसडा नव्हे हं!) म्हणून कोकणातलं सायकलचं गणित सोपं: एक खाडी म्हणजे एक उतार, एक बोट किंवा पूल आणि एक चढ. उतार संपला, घाम वाळला, की पुन्हा पहिल्यापासून.

आता बोटींची गंमत. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ. या चार ठिकाणी सायकलसकट फेरीबोटीत चढायचं. गाववाले तिला जंगलजेटी म्हणतात. ट्रक, एसटी, मोटारसायकली आणि त्यांच्यामध्ये आपल्या दोन सायकली. काय थाट!

आणि जोडप्यांसाठी सर्वांत मोठी टिप इथंच लपलीय. दोघांपैकी एकाचे पाय नेहमीच जास्त जोरात चालतात. घाटात एक पुढं, एक मागं, बोलणं बंद, चेहरे लाल! पण खाडीवर पोचलात की जोरात आलेल्यालाही बोटीची वाट बघावीच लागते. तेवढ्यात मागचा येतो, दोघं मिळून कोकम सरबत पितात, आणि पलीकडच्या धक्क्यावर एकाच वेळी उतरतात. माझ्या मते कोकणातल्या खाड्या ही जोडीनं फिरणाऱ्यांसाठी निसर्गानं केलेली सोयच आहे.

माहीत आहे का, जोडीनं सायकलवर भारत बघण्याची आयडिया किती जुनी आहे? 1890च्या दशकाच्या अखेरीस फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन नवरा-बायको सायकलींवर भारतभर फिरले. देवळं बघत, डाकबंगल्यांत मुक्काम करत. 1904 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच आकडा आहे: 14,000 मैल! म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर, तेही लांब स्कर्ट घालून आणि गिअरशिवाय. पुढं या बाईंनी हिमालय गाठला आणि 1912 मध्ये काराकोरममध्ये 'स्त्रियांना मताधिकार द्या' असा मजकूर लिहिलेला कागद हातात धरून फोटो काढला. बाई असावी तर अशी!

मुंबईकरही मागं नव्हते. 1923 मध्ये आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा सायकलींवर निघाले ते जग फिरून 1928 मध्येच परतले. एकूण 71,000 किलोमीटर. आपले 500 त्यापुढं नाश्ता!

चला, जरा फ्रान्सला चक्कर. भूमध्य समुद्राच्या काठी एस्तेरेल नावाचे लालभडक डोंगर आहेत आणि त्यांच्या कडेनं वळणं घेत जाणारा 'सोनेरी कड्याचा रस्ता' 1903 मध्ये सुरू झाला. पुढाकार कुणाचा? 1890 मध्ये सायकलवाल्यांनीच स्थापन केलेल्या टूरिंग क्लब दे फ्रान्सचा! आणि पहिली टूर दे फ्रान्स? तीही 1903 चीच. लाल कडा, निळा समुद्र, पायाखाली पायडल. कोकणातल्या आरे-वारेच्या उतारावरून खाली बघा, तोच रंगांचा खेळ इथंही दिसतो. आपला लाल म्हणजे जांभा. 'लॅटराइट' हे त्याचं शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन यांनी ज्या लॅटिन शब्दावरून पाडलं, त्याचा अर्थ 'वीट'. कोकणातली घरं जांभ्याच्या चिऱ्यांचीच, म्हणजे नाव अगदी फिट!

त्या जांभ्याच्या खाली काय? आपला काळा बेसॉल्ट. ज्या लाव्हाच्या थरांत वेरूळचं कैलास लेणं कोरलंय, त्याच दख्खनी थरांवरून तुमची सायकल बहुतेक वाट चाललीय. घरापासून इतक्या लांब, तरी खडक घरचाच.

घरचं आणखी एक नातं मुरूडला भेटतं. समोर पाण्यात जंजिरा, सिद्दींचा, कुणालाच जिंकता न आलेला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी. आणि आपलं शहर, तेव्हाचं खडकी, 1610 मध्ये वसवणारा मलिक अंबरही हबशीच! खुलताबादला त्याची कबर आहे. पुढच्या रविवारी दौलताबादच्या घाटात दम लागला की तिथं थांबा आणि जंजिरा आठवा.

वेसवीला उतरलात की कासवांचं वेळास जवळच. माहीत आहे का, ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं? वाळू गरम असेल तर मुली! एका घरट्यात शंभरेक अंडी. मार्चच्या आसपास गेलात तर चिमुकली फौज समुद्राकडं धावताना दिसू शकते. तेवढ्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवाच.

राजापूरकडं सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांबीचा. त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. चढ चढून गेल्याचं सार्थक!

विजयदुर्गला सूर्याची गोष्ट. 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण बघायला नॉर्मन लॉकयर इथं आले होते. हेलियम शोधणाऱ्यांपैकी एक, आणि त्या नावातला 'हेलिओस' म्हणजे सूर्यच.

भूक? फ्रान्समध्ये सायकल-पर्यटनाचे आजोबा मानले जाणारे पॉल द विवी यांचा नियम होता: भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. कोकणात हे पाळायला किती सोपं! घावन, आंबोळी, सोलकढी, मालवणचं खाजं. सीझन असेल तर हापूस खा, म्हणजे हाशहुश कमी. आणि रोज संध्याकाळी चेन गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून तेल द्या. खारा वारा लोखंडाला दोन दिवसांत गंज चढवतो.

आणि गिअर? चढावर पुढचं चेनव्हील लहान, मागचं फ्रीव्हील मोठं. बस्स.

जायचं कसं? रात्री देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, सायकली लगेजमध्ये. सीएसएमटीहून पायडल मारत भाऊचा धक्का, तिथून रो-रो बोटीनं रेवसजवळचं मांडवा. म्हणजे ट्रिपची सुरुवातही बोटीनंच.

आणि शेवट? रेडीच्या पुढं तेरेखोलचा किल्ला. माहीत आहे का, तो खाडीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्याचा आहे? म्हणजे पाणी न ओलांडताच तुम्ही राज्य बदललंत! पण थांबू नका. खाली केरीला जाणारी फेरी आहे. दोघंही चढा.