संगीतशिक्षण, शालेय
सर्वसामान्य विद्यार्थ्यांत संगीताची जाण निर्माण करणारे शिक्षण. गायक घडविणे हा त्याचा प्रधान हेतू नव्हे. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून गुरुगृहातील ही विद्या वर्गात आणली. विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेने तीस स्वरलिपीचा आधार दिला. तथापि स्वरलिपी ही अनुभवाची नोंद होय, अनुभव नव्हे. म्हणून प्रथम श्रवण व अनुकरण, नंतर स्वरनामे व लेखन, हा क्रम इष्ट ठरतो. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र वाशिम जिल्ह्यात आहे. तेथील तांड्यांवरील मुलांच्या कानी होळीच्या लेंगीगीतांची लय शाळेपूर्वीच पडलेली असते. तीच लय टाळ्यांनी मोजावयास लावल्यास मात्रा व सम सहज उमगतात. व्याख्यांच्या पाठांतराने आरंभ केल्यास मात्र परीक्षा साधते आणि संगीत दुरावते.