चार बांगडे, पाच माणसे

मासळी खाणाऱ्या मराठी घरांत आठवड्याचे सातही दिवस सारखे नसतात. सोमवार, गुरुवार, शनिवार हे वार पुष्कळ ठिकाणी वर्ज्य; कोठे कोठे मंगळवारही त्यांत जमा होतो. रविवारी सवड असते आणि बाजारही भरलेला असतो. उरतात ते बुधवार आणि शुक्रवार. या दोन संध्याकाळी, कचेऱ्या सुटल्यानंतर, मासळी विकत घेऊन ती रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत ताटात आणण्याचा प्रश्न उभा राहतो आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. मर्यादित साधने आणि अनेक गरजा यांचा मेळ घालणे हा जर अर्थशास्त्राचा विषय असेल, तर त्याचे प्रात्यक्षिक मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतच्या असंख्य स्वयंपाकघरांत या दोन संध्याकाळी चाललेले असते.

उपनगरातील स्थानकाबाहेर बसलेली कोळीण सकाळी भावाला ताठ असते आणि दिवे लागल्यावर नरमते. यात तिच्या स्वभावाचा भाग थोडा, मालाच्या स्वभावाचा अधिक. नाशवंत वस्तूच्या विक्रेत्याला उद्याची वाट पाहता येत नाही. पाटीत उरलेली मासळी प्रत्येक तासाला आपली किंमत गमावत असते. गाडीतून उतरलेली नोकरदार गृहिणी नेमकी याच वेळी तिच्यासमोर येऊन उभी राहते. सुरमई आणि पापलेट यांच्याकडे ती फारसे पाहत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. तो मान योग्यच आहे. परंतु मध्यमवर्गीय घरातील बुधवारच्या ताटातून पापलेट त्याच्या पुष्कळ आधी निघून गेले होते. तेव्हा घासाघीस होते ती बांगड्यांच्या वाट्यावरून. वाट्यात चार बांगडे असतात. घरात मात्र माणसे पाच: नवरा, बायको, दोन मुले आणि सासूबाई.

चारांना पाचांनी भागण्याचा हा हिशेब शाळेत शिकविलेल्या रीतीने सुटत नाही. बांगडे मसाला लावून तळले, तर ताटे वाढताना एक मासा कमी पडतो आणि तो कोणाला कमी पडतो हे सांगण्यासाठी कोणत्याही पाहणीची आवश्यकता नाही. कालवण केले तर मधल्या तुकड्या आधी जेवणाऱ्यांकडे जातात. डोकी, शेपट्या आणि रस मागाहून जेवणारीच्या वाट्याला येतात. ‘मला डोकेच आवडते’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या इतक्या स्त्रियांनी उच्चारले आहे की, ती खरोखरीची आवड की सोयीसाठी अंगवळणी पडलेली सवय, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही. कुटुंब हे एकच मन असलेले एकक आहे असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ गृहीत धरीत आली. कुटुंबातही सहकार्याबरोबर हितसंबंधांचा संघर्ष असतो आणि ज्याचे योगदान डोळ्यांना दिसते त्याच्याकडे वाटा झुकतो, असे अमर्त्य सेन यांनी १९९० च्या सुमारास मांडले. बांगड्याच्या वाटणीला ते तंतोतंत लागू पडते.

कटलेट हा पदार्थ या ठिकाणी कामास येतो. शब्द मूळचा फ्रेंच, इंग्रजांबरोबर आलेला आणि मूळ अर्थाने बरगडीजवळच्या मांसाच्या तुकडीचा. आपल्याकडे त्याचा अर्थ पार पालटला. तुकडीचे कटलेट न राहता कुस्करून, कालवून, थापून केलेली वडी म्हणजे कटलेट झाले. गोव्यातील ख्रिस्ती घरे, मुंबईचे पारशी, बंगालमधील चहाची दुकाने, प्रत्येकाने ते आपापल्या परीने वळविले. मराठी नोकरदार घरात ते आले ते चैनीचा पदार्थ म्हणून नव्हे, तर पुरवठ्याची युक्ती म्हणून.

कृतीत कोणतेही गूढ नाही. चार मध्यम बांगडे, साफ केलेले, म्हणजे अर्धा किलो किंवा थोडे अधिक. हळद, मीठ आणि चार कोकमे घालून ते जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात आठ-दहा मिनिटे उकडावयाचे. निवल्यावर साल आणि काटे काढले म्हणजे साधारण अर्ध्या वजनाइतके, पाव किलोच्या थोडे वर, मांस हाती लागते. त्यात दोन-तीन उकडलेले बटाटे, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, आले-लसूण, कोथिंबीर आणि लिंबाचा रस. बटाटा उकडून कोरडा केलेला असावा. तो पाणचट राहिला तर वड्या तव्यावर फुटतात. अशा वेळी पुष्कळजणी घाईने पीठ घालीत सुटतात आणि कटलेटला पिठल्याची चव आणतात. त्यापेक्षा मिश्रण पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवले तर ते धरून राहते. हातावर थापून, बारीक रव्यात घोळवून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे. बारा कटलेट होतात. माणशी दोन आणि वर दोन.

बारा या संख्येत सगळे आहे. मासा एकसारखा कापता येत नाही. त्याला डोके आहे, पोट आहे, शेपूट आहे आणि या अवयवांना घरात दर्जा आहे. कटलेटला दर्जा नाही. कोणतेही एक दुसऱ्यासारखे. शिवाय ते मोजता येते, आणि मोजता येणाऱ्या वस्तूची वाटणी लपत नाही. सासूबाईंना काट्यांची भीती राहत नाही आणि धाकट्याला मासा निवडून देत बसावे लागत नाही. पोषणाच्या दृष्टीने पाहिले तरी शंभर ग्रॅम मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने धरल्यास प्रत्येकाच्या वाट्यास अकरा-बारा ग्रॅम येतात. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज सुमारे ४६ ग्रॅम, तेव्हा एका जेवणाला हे कमी नव्हे.

एवढ्यावर थांबले तर कटलेट हे समतेचे साधन ठरेल. तथापि जमेची बाजू पाहणाऱ्याने खर्चाचीही पाहावी. बांगडे तळावयाचे तर वीस-पंचवीस मिनिटांत काम उरकते. कटलेटला उकडणे, निवविणे, काटे काढणे, कालविणे, थापणे आणि तीन खेपांत तळणे मिळून सव्वा तास सहज लागतो. त्यातील अर्धा तास निव्वळ काट्यांचा. बांगड्याचा मधला काटा अखंड निघतो, पण बरगड्यांचे आणि परांजवळचे केसासारखे काटे बोटांनी चाचपूनच शोधावे लागतात, आणि एक राहिला तरी ताटावरून जो आवाज उठतो तो काटे काढणारीच्याच दिशेने जातो. म्हणजे पाचव्या माणसाला पूर्ण वाटा मिळाला खरा, परंतु त्याची किंमत त्याच माणसाने, पैशात नव्हे तर वेळेत, आणि तीही दिवसभराच्या नोकरीनंतर मोजली.

ही किंमत कोणत्याही खतावणीत चढत नाही. पुरुषाने आपल्या स्वयंपाकिणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा विरोधाभास पिगू यांनी १९२० मध्येच दाखविला होता. जे काम पगार देऊन दुसऱ्याकडून करून घेता आले असते ते उत्पादकच मानले पाहिजे, ही कसोटी मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्ये दिली. आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी वेळवापर पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे आढळले. पुरुषांपैकी मुळात चौथ्या हिश्शाहून थोडे अधिकच या कामाला हात लावणारे निघाले आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे भरली. बांगड्याचे काटे २९९ च्या आकड्यात आहेत.

वेळेच्या या हिशेबाला मासळीचा आकारही कारण होतो. मासा जितका लहान, तितके दर वाटीभर मांसामागे कष्ट अधिक. पुरती वाढ न झालेले बांगडे स्वस्त दिसतात. पण सहा लहान बांगड्यांचे काटे काढण्याइतके वाईट काम दुसरे नाही आणि हाती येणारे मांसही तुटपुंजे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. तो नियम समुद्रातील साठ्यासाठी आहे हे खरे, परंतु तो पाळला गेला तर स्वयंपाकघराचीही अर्धी संध्याकाळ वाचेल. दुसऱ्या बाजूने तारली आणि बांगडा यांसारखे तेलकट मासे मत्स्यचूर्ण व मासळीचे तेल काढणाऱ्या कारखान्यांनाही हवे असतात. तेथून ते कोळंबीच्या खाद्यात आणि कोळंबीवाटे परदेशी जातात. साठाही भरवशाचा नाही. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये तारलीची पकड चार लाख टनांच्या जवळपास होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. गरिबाचा म्हणून समजला जाणारा मासा नेहमीच गरिबाला परवडेल असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

स्वस्ताईच्या ओघात एक चूक मात्र होऊ नये. ‘कटलेटच तर करावयाचे आहेत, सकाळचा बांगडा असला म्हणून काय बिघडले’ ही समजूत फार प्रचलित आणि तितकीच धोक्याची आहे. बर्फाबाहेर उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन नावाचे द्रव्य साचते. ते उकडल्याने जात नाही, तळल्याने जात नाही, आल्या-लसणाने झाकले जाते एवढेच. मग जेवणानंतर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते आणि दोष मसाल्याला दिला जातो. कल्ले लाल, डोळा भरलेला, अंग घट्ट आणि पाटीत बर्फ असेल तरच संध्याकाळचा उतरलेला भाव खऱ्या अर्थाने उतरलेला. नाही तर त्या बुधवारी वरण-भातावर भागवावे.

काट्यांच्या अर्ध्या तासाचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत गेलेली मराठी कुटुंबे तो डबाबंद टूना मासा उघडून सोडवितात. पैसे देऊन वेळ विकत घेण्याचाच तो एक प्रकार. येथे तो मार्ग सर्वांना परवडणारा नाही. परंतु काटे काढणे हे अजिबात कौशल्याचे काम नव्हे. त्याला चूल लागत नाही, अंदाज लागत नाही, अनुभवही फारसा लागत नाही. उजेड, एक ताट आणि धीर एवढे पुरते. निवलेले बांगडे स्वयंपाकघराच्या ओट्यावर न ठेवता दिवाणखान्यातील टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठेवले आणि भोवती चार जण बसले, तर अर्ध्या तासाचे काम दहा मिनिटांत उरकते. दूरदर्शनवरील बातम्याही चुकत नाहीत. काट्यासाठी सर्वांत आरडाओरड करणाऱ्या मुलाला शेवटची चाचपणी सोपवावी. तो एकही सोडीत नाही.

आणखी एक सोय या पदार्थात आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तळलेली तुकडी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते, म्हणून तळणारी शेवटपर्यंत उभी राहते. कटलेट पंधरा-वीस मिनिटे थांबू शकतात. रव्याचा थर तेवढा वेळ खुसखुशीत राहतो. वरण-भात आधीच झालेला असतो, भाकरीचा त्या रात्री प्रश्न नसतो. तिसरी खेप तव्यावरून उतरली की गॅस बंद करून पाचही ताटे एकदम मांडता येतात.