पदे आहेत, उमेदवार हवेत

चोपडा तालुक्याला निवडणुकीची सवय शिकवावी लागत नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, विकास सोसायटी, बाजार समिती, सूतगिरणी, चहार्डीचा साखर कारखाना म्हणजे सगळ्यांचा ‘चोसाका’. अर्ज भरल्यापासून माघारीच्या दिवसापर्यंत पॅनेल जुळतात, फुटतात, पुन्हा जुळतात. मतदारयादीतल्या एकेका नावावर हरकती येतात. बूथवर कोण बसणार, हे आठवडाभर आधी ठरलेले असते.

माजी विद्यार्थी संघाची निवडणूक आली की चित्र पालटते. अध्यक्षपदासाठी सरांचे नाव पुढे येते, टाळ्या पडतात. सचिव कोण? सगळे एकमेकांकडे पाहतात. शेवटी गावातच राहणाऱ्या, फोन उचलणाऱ्या एखाद्याला कोणीतरी म्हणते, ‘तूच हुई जाय ना भाऊ.’ तो होतो आणि पुढची सात-आठ वर्षे तोच राहतो. इतिवृत्तात ‘बिनविरोध निवड’ अशी नोंद होते.

मानधन नाही, सत्ता नाही, काम मात्र भरपूर. अशा पदांसाठी माणसे मिळवणे जगभर अवघड आहे. तरीही या पदांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. आता तर खानदेशातल्या छोट्या गावांनाही ती चैन परवडणार नाही.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर ‘नॅक’ने हा विषय ऐरणीवर आणला. मूल्यांकनाच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला जागा मिळाली आणि तिथे नोंदणीकृत संघ आहे का, याची विचारणा होऊ लागली. त्यामुळे कालपर्यंत वार्षिक स्नेहमेळाव्यापुरते असलेले अनेक संघ कागदावर आले, त्यांची घटना लिहिली गेली, बँकेत खाते उघडले. खाते उघडले म्हणजे सह्या आल्या. सह्या आल्या म्हणजे पदाधिकारी कोण, कोणी निवडले आणि केव्हापर्यंत, हे प्रश्न आले.

महाराष्ट्रात असा संघ साधारणपणे दोन कायद्यांखाली येतो. पहिला १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम. किमान सात जण एकत्र आले की त्याखाली संस्था उभी राहते. दुसरा १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्यामुळे संस्थेचा संबंध धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी येतो. कार्यकारिणी बदलली की कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कार्यालयांच्या आवारात त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. सोबत सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमती जोडायची असते. टाळ्यांच्या गजरात झालेली निवड इथे अडखळते. सूचना कोणाला पाठवली होती? सभासद किती? वर्गणी कोणी भरली होती?

वर्गणीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण कायद्यात तो स्पष्ट लिहिला आहे. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकवलेल्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. म्हणजे सभागृहात दोनशे माणसे बसली असली तरी मतदार त्यातले वीसच असू शकतात. पुढे वाद झाला, दोन गटांनी दोन कार्यकारिणी दाखवल्या आणि दोन चेंज रिपोर्ट दाखल झाले की सारी भिस्त सभासद नोंदवहीवर येते. ती अपुरी असेल तर संस्थेची वर्षे चौकशीत आणि अपिलात जातात. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षणसंस्थांनी आणि मंडळांनी हे भोगले आहे. माजी विद्यार्थी संघाची निवडणूक सुरू होते ती या नोंदवहीपासून, आणि ती नीट ठेवणारा सचिव हा संघातला सर्वांत मोलाचा माणूस असतो.

पदवीधरांची निवडणूक चुरशीची होऊ शकते, याचे उदाहरण खानदेशातच आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अधिसभेवर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांतून १० प्रतिनिधी निवडले जातात. मतदार पसंतीक्रम देतात. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांत प्रचार होतो. मात्र पदवी मिळाली म्हणून कोणी आपोआप मतदार होत नाही. अर्ज भरून नाव नोंदवावे लागते, आणि बहुसंख्य पदवीधर ते करत नाहीत. अधिसभेची जागा प्रतिष्ठेची असल्यामुळे तिथे उमेदवार मिळतात. साध्या संघाच्या खजिनदारपदाला ते वलय नाही.

मग वलय नसलेली पदे भरायची कशी? इथे जपानशी नाते असलेल्या माजी विद्यार्थी संघटनांकडे पाहावे. अशा संघटना बरीच वर्षे टिकून आहेत आणि त्यांचा कारभार जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालतो.

१९८७ मध्ये जपान सरकारने परदेशी तरुणांना आपल्या शाळांत आणि स्थानिक कार्यालयांत बोलावणारा ‘जेट’ कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण गेले. आज सहभागी देशांत भारतही आहे. हे तरुण बहुतेक इंग्रजीच्या वर्गात साहाय्यक शिक्षक म्हणून, अनेकदा जपानच्या लहान गावांत, वर्ष ते पाच वर्षे काम करतात. परतल्यावर ते ‘जेटा’ या माजी सहभागींच्या संघटनेत येतात. तिच्या प्रादेशिक शाखा आहेत आणि एका शाखेचा परिसर साधारणपणे त्या भागातल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्राइतका असतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, वार्तापत्राचा संपादक अशी पदे सभासदांतून निवडली जातात. पगार कोणालाच नसतो.

पदाधिकाऱ्यांच्या वाट्याला येणारे काम ठोस असते. नव्याने जपानला निघालेल्यांसाठी मार्गदर्शन शिबिर घ्यायचे, निवडीच्या मुलाखतींना माजी सहभागी म्हणून बसायचे, परतलेल्यांना नोकरी शोधायला मदत करायची, भाषेचे वर्ग आणि सणांचे कार्यक्रम करायचे. जपानमध्ये ‘क्लेअर’ ही स्थानिक स्वराज्य संस्थांची परिषद जेटचा कारभार पाहते आणि शाखांना उपक्रमांसाठी अनुदानही देते. अनुदान आले की हिशेब आला. म्हणून अशा शाखेत खजिनदाराची निवड अध्यक्षाच्या निवडीइतकीच गांभीर्याने घ्यावी लागते.

२०११ च्या मार्चमध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. तिच्यात इशिनोमाकीत शिकवणारी टेलर अँडरसन आणि रिकुझेनताकाता इथला माँटी डिक्सन हे दोन अमेरिकी जेट शिक्षक गेले. माजी जेटांच्या शाखांनी त्या भागातल्या शिक्षणासाठी निधी उभा केला. असा निधी अचानक गोळा करायचा तर सभासदांचे चालू पत्ते हवेत, चालू खाते हवे, त्या खात्यावर आज हयात आणि हजर असलेल्या माणसांच्या सह्या हव्यात. ही तयारी संकट आल्यावर करता येत नाही. ती आधीच्या वर्षीच्या, कोणाच्या फारशा लक्षातही न राहिलेल्या निवडणुकीत झालेली असते.

भारतात याहून जुना धागा तांत्रिक प्रशिक्षणाचा आहे. १९५९ मध्ये जपानमध्ये ‘एओटीएस’ ही संस्था उभी राहिली. होझुमी गोइची हे तिच्या संस्थापकांतले प्रमुख नाव. आशियातल्या कारखान्यांतले अभियंते आणि कामगार तिथे शिकून आले आणि परतल्यावर आपापल्या प्रांतात त्यांनी माजी प्रशिक्षणार्थींचे संघ काढले. चेन्नईचा संघ जपानी भाषेचे वर्ग चालवतो आणि कारखान्यांना ‘फाइव्ह एस’, ‘कायझेन’ या जपानी कार्यपद्धती शिकवतो. केरळातही असा संघ आहे. तिथल्या पदाधिकाऱ्यांना नियमित वर्ग, परीक्षा, पाहुणे आणि कार्यशाळा सांभाळाव्या लागतात. काम चालू असले की पद रिकामे राहिलेले लगेच जाणवते. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या संघाला ते जाणवतच नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

खुद्द जपानमधल्या शाळांची एक पद्धत तर खानदेशाने जशीच्या तशी उचलावी अशी आहे. अनेक हायस्कूलांच्या माजी विद्यार्थी संघांत वार्षिक मेळाव्याची जबाबदारी दरवर्षी वेगळ्या तुकडीकडे जाते. अमुक साली उत्तीर्ण झालेल्यांची पाळी अमुक साली येणार, हे आधीपासून ठाऊक असते. त्या तुकडीचे प्रतिनिधी वर्ष-दोन वर्षे तयारी करतात, देणग्या आणतात, मेळावा पार पाडतात आणि वही खालच्या तुकडीच्या हातात देतात. आपल्याकडे दहावीच्या तुकड्यांचे व्हॉट्सअॅप गट आहेतच. पंचवीस वर्षांनी मेळावा भरतो, शिक्षकांचे सत्कार होतात, शाळेला पंखे किंवा संगणक दिले जातात. त्या उत्साहात कसलीही कमतरता नसते. मात्र प्रत्येक तुकडी शून्यापासून सुरुवात करते आणि तिच्याजवळचे पत्ते, हिशेब, अनुभव पुढच्या तुकडीला मिळत नाहीत. संघाच्या घटनेत पाळीचे एक कलम घातले तर हा विखुरलेला उत्साह संस्थेत येईल.

दुसरा नमुना तर गावातच आहे. चोपड्यात रोटरी क्लब आहे, आणि रोटरीत अध्यक्षाची निवड पद हाती येण्याच्या किमान १८ महिने आधी होते. आधी नियोजित, मग निर्वाचित, मग १ जुलैला प्रत्यक्ष अध्यक्ष. पुढचा माणूस मागच्याचे काम जवळून पाहत तयार होतो. सभेच्या दिवशी माना खाली घालून बसण्याची वेळ येत नाही.

हे सगळे आताच का बोलायचे? २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ५ लाख माणसांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ जपानला जावे, असे म्हटले आहे. शुश्रूषा, बांधकाम, शेती, कारखाने अशी कामे त्यात येतील. अशा कामांना पुण्या-मुंबईइतकीच चोपडा, शिरपूर, यावल, रावेरची मुलेमुलीही निघतील. सातपुड्याच्या पायथ्याशी आयटीआय किंवा नर्सिंग केलेल्या मुलीला जपानी एजंटाचा करार वाचून दाखवणारा, किती पैसे द्यायचे आणि कशाचे द्यायचे नाहीत हे सांगणारा, तिथून परतलेला ओळखीचा माणूस हवा. एखादा चांगला माणूस हे काम दोन-चार वर्षे करील. पुढे ते चालू ठेवायला संघ लागतो.

त्या संघाला पैशाचीही शिस्त लागेल. परदेशी राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माजी विद्यार्थी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, तेव्हा ती विदेशी योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, अगदी ओसीआय कार्ड असलेल्याचीही देणगी मात्र विदेशी योगदान ठरते, आणि ती घ्यायला संघाची विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. हा फरक ठाऊक नसलेला खजिनदार चांगल्या हेतूने संघाला अडचणीत आणू शकतो.

आणि मतदार? चोपड्याला रेल्वे नाही. शिकलेली पिढी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने आणि जळगाव, अमळनेरच्या स्थानकांवरून सुरत, नाशिक, पुणे, मुंबईला गेली. कोणत्या तरी रविवारी सभा ठेवली तर गावात राहणारे पंधरा जणच मत देणार. घटनेत ऑनलाइन मतदानाची तरतूद करता येते आणि ती करावी. मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. लग्नानंतर आडनाव बदलते, गाव बदलते, आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव संघाच्या नोंदवहीतून हरवते. कार्यकारिणीत बायका दिसत नाहीत, याचे एक मोठे कारण म्हणजे त्या मतदारयादीतच नसतात. माहेरचे नाव, आताचे नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष असे तीन रकाने नोंदवहीत केले तरी शेकडो नावे परत सापडतील.

जपानमध्ये माजी विद्यार्थ्यांचे मेळावे बहुधा नववर्षाला किंवा ऑगस्टमधल्या ओबोनला भरतात, कारण माणसे तेव्हा आपल्या गावी येतात. खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात त्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, घरोघरी लेकी आलेल्या असतात. तोवर ३१ मार्चला आर्थिक वर्षही संपलेले असते, हिशेबाची वही नुकतीच बंद झालेली असते. माजी विद्यार्थी संघाची वार्षिक सभा आणि निवडणूक आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ठेवावी, आणि सूचना काढताना लेकींची नावे यादीत आधी शोधावीत.