शिवलेली जहाजं आणि प्लायवूडची होडी

आमचं मेडशी गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तरी मला होड्यांचं भारी वेड! ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ पाहिलंत का? अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं हे जहाज मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीनं शिवल्यात.

हीच शिवण्याची युक्ती प्लायवूडच्या होडीतही दिसते. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आलेल्या ‘मिरर’ होडीत प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेनं टाचत. मग सांध्यावर फायबरग्लासची पट्टी नि रेझिन. घरच्या घरी होडी तयार!

🔸 जुनं डिझाइन प्लायमध्ये आणताना खरी अडचण आकाराची. प्लाय एकाच दिशेनं वाकतो. कागद गुंडाळता येतो, पण त्याची वाटी होत नाही, तसंच. म्हणून गोल पोटाच्या जागी दोन-तीन सपाट पट्टे कोनात जोडतात.

🔸 आधी पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करा. पुठ्ठा न चुरगळता बसला, तर प्लायही बसेल.

🔸 प्लाय मरीनच घ्या, आयएस ७१० चा शिक्का पाहून. कापलेल्या कडा इपॉक्सीनं बंद करा. पाणी तिथूनच शिरतं.

🔸 पहिल्यांदा पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट हवंच.

शिवण जुनीच, फक्त काथ्याच्या जागी तार आली. आपल्या पूर्वजांची ही विद्या पोरांना नक्की दाखवा!