वेलीआधी माती

गेल्या वर्षी जूनमध्ये सुट्टीहून परतताना आईने मधुमालतीचे रोप दिले. हाउसच्या भिंतीलगत मी वीतभर खड्डा केला, रोप खोचले आणि रोज बादलीभर पाणी घातले. ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडली. पाणी कमी पडते असे वाटून मी आणखी घातले. वेल मेली. उपटून पाहिली तर मुळे काळी पडून कुजली होती. आईला मात्र फोनवर सांगितले, "वेल छान आहे."

माळीकाकांनी मला माती ओळखायला शिकवले. ओली माती मुठीत दाबायची. लगेच विस्कटली तर ती रेताड. गोळा होऊन बोटांनी दाबल्यावर लांब पट्टी निघाली तर चिकण. इथली काळी माती चिकण निघाली. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यातून पाणी हळू झिरपते आणि मुळांना हवा मिळत नाही. खड्ड्यात पाणी भरून पाहिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसेच होते!

मित्रांनो, अशा जमिनीत खोल खड्डा करून त्यात हलकी माती भरली, तर त्याचा हौद होतो. थोडी वाळू मिसळूनही भागत नाही. चिकणमाती उलट घट्ट बसते. म्हणून मार्चमध्ये आम्ही दीड फूट जमीन खणली आणि ढेकळे उन्हात तापू दिली. मग दोन भाग मातीत एक भाग जुने शेणखत, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली. शेणखत काळे, भुसभुशीत आणि बिनवासाचे हवे. ताज्या शेणाने मुळे भाजतात, हुमणीही येते. या मिश्रणाचा फूटभर उंच वाफा केला आणि जादा पाणी वाहून जायला बाजूने चर काढला.

आता रोप हवे होते. रविवारी फोनवर आईला खरे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, वेल मेली त्याचं काही नाही. खोटं का बोललास? दुसरं रोप देते. आधी मातीचं बघ."

"ते झालंय, आई," मी म्हणालो.

या जूनमध्ये ते रोप लावले. बोट खुपसून दोन इंच खाली माती कोरडी लागली, तरच पाणी देतो. आज वेल खिडकीपर्यंत पोहोचली आहे. संध्याकाळी उमललेली पांढरी फुले पुढे गुलाबी आणि मग लाल होतात. पालक भेटीला येतील, तेव्हा आईला आधी वाफा दाखवणार आहे, मग फुले.