तिसऱ्याच्या हातातलं जगज्जेतेपद

वेगाचं गणित : लेखांक सातवा

फॉर्म्युला वनचा मोसम शेवटच्या शर्यतीपर्यंत अनिर्णित राहिला, की आदल्या आठवड्यात चाहत्यांच्या हाती कागद-पेन येतं. अमुक जिंकला तर तमुकने कितवं यायचं, बरोबरी झाली तर कोणाचे विजय जास्त, दोघंही बाहेर फेकले गेले तर काय? आयपीएलच्या साखळीचे शेवटचे दोन-तीन दिवस नेट रनरेटचं जे जर-तर आपल्याकडे घरोघरी चालतं, तेच इथे साओ पावलोपासून अबू धाबीपर्यंत चालू असतं. हा योग दरवर्षी येत नाही. १९५० पासून आजवरच्या निम्म्याहून अधिक मोसमांत विजेता आधीच ठरून गेला होता. २००२ साली मायकेल शूमाकरने तर सहा शर्यती बाकी असताना, जुलैतच जेतेपद खिशात घातलं. उरलेले महिने बिचाऱ्या चाहत्यांनी काय पाहायचं?

म्हणून जेव्हा योग येतो तेव्हा चाहते देव पाण्यात घालून बसतात. कागदावर नावं असतात दोन, फार तर तीन किंवा चार. पण आजवरच्या थरारक निकालांकडे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. जेतेपदाशी काडीचा संबंध नसलेला कुणी तिसराच ड्रायव्हर मधे येतो आणि सगळी आकडेमोड उधळून लावतो. कसलेला चाहता त्यामुळे आघाडीच्या गाडीवर एक डोळा ठेवतो आणि दुसरा पाचव्या, सातव्या, कधी कधी पंधराव्या क्रमांकावर.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे २ नोव्हेंबर २००८ची ब्राझील ग्रां प्री. स्थळ साओ पावलोचं इंटरलागोस सर्किट. ७१ फेऱ्या, चढ-उतारांचा जुना ट्रॅक आणि कधीही बरसेल असं आभाळ. मॅक्लारेनच्या लुईस हॅमिल्टनचे ९४ गुण, फेरारीच्या फेलिपे मासाचे ८७. तेव्हा विजेत्याला १० गुण मिळत आणि आठव्या क्रमांकापर्यंत ८, ६, ५, ४, ३, २, १ अशी उतरंड होती. मासा जिंकला तर त्याचे ९७ होणार. हॅमिल्टन पाचवा आला तर ९८, म्हणजे विजेता. सहावा आला तर दोघांचे ९७. मग विजय मोजायचे : मासाचे सहा, हॅमिल्टनचे पाच. मासा विजेता.

थोडक्यात, हॅमिल्टनला पाचवा क्रमांक पुरेसा होता. कागदावर हे अगदी सोपं दिसतं. पण वर्षभरापूर्वी याच ट्रॅकवर तो १०७ गुणांसह आघाडीवर उतरला होता, संघातला सहकारी फर्नांडो अलोन्सो १०३ वर आणि किमी रायकोनेन १०० वर होता. गिअरबॉक्सने दगा दिला, हॅमिल्टन सातवा आला आणि रायकोनेन ११० गुणांसह जेतेपद घेऊन गेला. बाकीच्या दोघांचे प्रत्येकी १०९! त्यामुळे पाचवा क्रमांक 'पुरेसा' आहे हे म्हणण्याची हॅमिल्टनच्या चाहत्यांची हिंमत नव्हती. मासा तर साओ पावलोचाच. स्टँडमधला सगळा जमाव त्याच्या बाजूने होता.

शर्यत सुरू व्हायच्या तोंडावर पाऊस आला आणि सुरुवात दहा मिनिटं लांबली. भारतात तेव्हा रविवारची रात्र, साडेदहा वाजून गेलेले. मासा पहिल्या क्रमांकावरून सुटला आणि पुढेच राहिला. हॅमिल्टन सावधपणे चौथा-पाचवा. शेवटच्या सात-आठ फेऱ्या उरल्या आणि पुन्हा थेंब पडू लागले.

मागच्या लेखांकात टायरांची ओळख झाली, ती इथे उपयोगी पडते. कोरड्या रस्त्याच्या टायरवर खाचा नसतात किंवा नावापुरत्या असतात. ओलाव्यात ते पाणी बाजूला सारू शकत नाहीत. इंटरमीजिएट टायर मधल्या परिस्थितीसाठी. बदलायला पिटमध्ये यावं लागतं आणि त्यात वीस-पंचवीस सेकंद जातात. हॅमिल्टनसह आघाडीच्या बहुतेकांनी टायर बदलले. टोयोटा संघाने मात्र जुगार खेळला. टिमो ग्लॉक आणि यार्नो त्रुली हे त्यांचे दोघं ड्रायव्हर कोरड्या टायरवरच ट्रॅकवर राहिले. सातव्या क्रमांकावरचा ग्लॉक इतर थांबल्यामुळे आपोआप चौथा झाला. हॅमिल्टन पाचवा. अजून सगळं ठीक होतं.

मग रॉबर्ट कुबिचा आला. तो एक संपूर्ण फेरी मागे होता, त्याला या भांडणात काहीच मिळणार नव्हतं. पण त्याची गाडी त्या क्षणी वेगवान होती आणि त्याने हॅमिल्टनला ओलांडून आपली फेरी भरून काढली. त्या गडबडीत हॅमिल्टनची गाडी जराशी बाहेर गेली आणि मागून येणाऱ्या टोरो रोसोच्या सेबास्टियन फेटेलने ती जागा साधली. दोन-तीन फेऱ्या राहिल्या होत्या आणि हॅमिल्टन सहावा. म्हणजे जेतेपद मासाचं.

मासाने पहिल्या क्रमांकावर शर्यत संपवली. फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याचे वडील, भाऊ, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. स्टँड्समध्ये तर दिवाळीच. पण शेवटच्या फेरीत पाऊस वाढला होता आणि ग्लॉकच्या कोरड्या टायरांना रस्त्यावर पकडच उरली नव्हती. शेवटच्या चढाआधीच्या जुन्साओ वळणावर आधी फेटेल आणि मग हॅमिल्टन त्याच्या बाजूने निघून गेले. हॅमिल्टन पाचवा. मासाने रेषा ओलांडल्यानंतर जेमतेम चाळीस सेकंदांत जेतेपदाचा मालक बदलला होता. गॅरेजमधल्या पडद्यावर हे लक्षात आलं तेव्हा फेरारीच्या एका मेकॅनिकने तिथल्या भिंतीवर डोकं आपटलं. ती चित्रफीत आजही फिरते. मासा व्यासपीठावर उभा राहिला, डोळे भरलेले, छातीवर मूठ आपटत. ९८ विरुद्ध ९७. हॅमिल्टन २३ वर्षांचा, तोवरचा सर्वांत तरुण जगज्जेता.

ग्लॉकने मुद्दाम वाट दिली, असा आरोप तेव्हापासून होत आला. तो टिकत नाही. त्याच टायरवर असलेल्या त्रुलीचा वेगही शेवटच्या फेरीत तितकाच कोसळला होता. शिवाय टोयोटाने तो जुगार खेळलाच नसता तर ग्लॉक त्या ठिकाणी नसता आणि हॅमिल्टनही तिथे त्याला ओलांडायला नसता. पण हाता-तोंडाशी आलेला घास गेला, की माणूस दोषी शोधतोच.

आणि खरा हिशेब लावायचा तर इंटरलागोसपर्यंत थांबायची गरजही नाही. मासाचा चाहता एका गुणाचं उत्तर हंगेरीत शोधतो. तिथे मासा आघाडीवर होता आणि तीन फेऱ्या राहिल्या असताना इंजिन फुटलं. नाहीतर सिंगापूरमध्ये शोधतो. तिथे नेल्सन पिके ज्युनियरने रेनॉ संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी भिंतीवर घातली. त्यानंतरच्या धावपळीत मासाच्या गाडीला इंधनाची नळी अडकलेली असतानाच तो पिटमधून निघाला आणि सगळं हातचं गेलं. ते अपघाताचं कारस्थान २००९ मध्ये उघड झालं. मासाने त्यावरून पुढे लंडनच्या न्यायालयात दावाही लावला. हॅमिल्टनचा चाहता यावर बेल्जियमचा कागद काढतो. तिथे शर्यत जिंकूनही हॅमिल्टनला २५ सेकंदांचा दंड झाला आणि विजय मासाला मिळाला. शेवटच्या शर्यतीला येताना प्रत्येक बाजूच्या चाहत्याकडे वर्षभराच्या अन्यायाची अशी खतावणी तयार असते.

दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१० रोजी अबू धाबीत चार दावेदार उतरले. तोवर गुणपद्धत बदलली होती, विजयाला २५ गुण झाले होते. अलोन्सो २४६, मार्क वेबर २३८, फेटेल २३१, हॅमिल्टन २२२. अलोन्सोच्या फेरारी संघाने डोळा ठेवला वेबरवर, कारण तोच सगळ्यात जवळ होता. इथे आपला म्हणावा असा एक धागा आहे. पहिल्याच फेरीत शूमाकरची गाडी फिरली आणि तिच्यावर तेव्हाच्या फोर्स इंडिया संघाच्या विटान्तोनियो लिउझीची गाडी चढली. विजय मल्ल्यांच्या त्या संघाला या जेतेपदाशी काही देणंघेणं नव्हतं. पण अपघातानंतर सगळ्यांना आपल्या मागे हळू चालायला लावणारी सेफ्टी कार आली आणि रेनॉच्या विताली पेत्रोवने तेवढ्यात टायर बदलून घेतले. पुढे वेबर पिटमध्ये आला, त्याला रोखायला फेरारीने अलोन्सोलाही बोलावलं आणि तो बाहेर पडला तो थेट पेत्रोवच्या मागे.

यास मरिनाच्या त्या वेळच्या ट्रॅकवर ओलांडणं महाकठीण. पेत्रोवचा फॉर्म्युला वनमधला तो पहिलाच मोसम आणि पुढच्या वर्षी जागा राहील की नाही याची खात्री नव्हती. त्याला आपली चूक परवडणारी नव्हती आणि त्याने ती केलीही नाही. जवळजवळ चाळीस फेऱ्या अलोन्सो त्याच्या मागच्या पंखाकडे बघत राहिला. चौथा क्रमांक मिळाला असता तरी जेतेपद त्याचं होतं; तो सातवा आला. फेटेल शर्यत जिंकला आणि २५६ विरुद्ध २५२ असा जगज्जेता झाला. त्या मोसमात गुणतक्त्यावर तो पहिल्यांदा अव्वल आला तो थेट शेवटच्या शर्यतीनंतर. रेषा ओलांडल्यावर अलोन्सोने पेत्रोवकडे पाहून हात उगारला. पेत्रोवचं काय चुकलं होतं, हा प्रश्न बरोबरच. त्याने नेमकं तेच केलं ज्यासाठी ड्रायव्हरला पगार मिळतो.

कधी तिसरा माणूसही नसतो. १९८६ साली ॲडलेडच्या रस्त्यांवर नायजेल मॅन्सेलला तिसरा क्रमांक हवा होता आणि तो त्याच्या हातात होता. ॲलन प्रोस्टच्या गाडीचे उतरवलेले टायर गुडइयरच्या लोकांनी तपासले, झीज बेताचीच दिसली आणि इतरांना थांबायची गरज नाही असा निष्कर्ष निघाला. ८२ पैकी ६४व्या फेरीत सरळ रस्त्यावर सुमारे २९० किलोमीटर वेगात मॅन्सेलचा मागचा डावा टायर फुटला. ठिणग्यांचा फवारा उडवत त्याने गाडी सावरली खरी, जेतेपद मात्र प्रोस्टच्या पदरात पडलं.

हा थरार तिकिटं आणि टीव्हीचे हक्क विकतो, हे व्यवस्थापनाला कळत नाही असं थोडंच आहे? २०१४ साली त्यांनी शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण जाहीर केले. विजयाला थेट ५०! चाहत्यांनी या कल्पनेला झोडपून काढलं. वर्षभर राबून कमावलेली आघाडी एका दुपारी दुप्पट भावाने विकली जाणार, हे कुणालाच पटेना. हॅमिल्टनने ती शर्यत जिंकून निको रोसबर्गला मागे टाकलं, त्यामुळे नियमाने निकाल फिरला नाही, आणि पुढच्या वर्षी नियमच गेला. चाहत्यांना उत्कंठा हवी असते, पण ती वरून ओतलेली चालत नाही. त्यांचा हा आग्रह जरा तोऱ्याचा वाटला तरी रास्त आहे.

तिसऱ्याची भूमिका ठरवूनही वठवली जाते. १२ डिसेंबर २०२१ रोजी हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन अबू धाबीत बरोबर ३६९.५ गुणांवर आले. हा अर्धा गुण बेल्जियमच्या पावसाची देणगी. तिथे सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या काढून निम्मे गुण वाटले होते. अबू धाबीत व्हर्स्टॅपनचा सहकारी सर्जिओ पेरेझ जुन्या टायरवर हॅमिल्टनच्या आडवा उभा राहिला आणि काही सेकंदांची आघाडी खाऊन टाकली. २०२५ मध्येही त्याच संघाच्या युकी त्सुनोदाने लँडो नॉरिसची वाट अडवली; तो मात्र वारंवार दिशा बदलल्याबद्दल दंड ओढवून बसला आणि नॉरिस तिसरा येऊन दोन गुणांनी जगज्जेता झाला.

पेरेझची धडपड २०२१ मध्ये पुरली नसती. हॅमिल्टन पुन्हा आरामात पुढे होता. शेवटच्या सहा फेऱ्यांच्या आत विल्यम्सच्या निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली. तो तळाच्या क्रमांकांसाठी झगडत होता. सेफ्टी कार आली, व्हर्स्टॅपनने नवे टायर घातले, आणि शर्यत संचालकाने फेरीने मागे पडलेल्या सगळ्या गाड्यांऐवजी या दोघांच्या मधल्या फक्त पाचच गाड्यांना पुढे काढून शेवटची एक फेरी मोकळी सोडली. तेवढ्यात व्हर्स्टॅपनने हॅमिल्टनला ओलांडलं. लतिफीला नंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. लंडनमध्ये त्याला अंगरक्षक घेऊन फिरावं लागलं. चाहत्यांच्या कागदावर त्या आठवड्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं.

सेफ्टी कारचा तो नियम नेमका काय सांगत होता आणि संचालकाने तो कसा वाकवला, हे पुढच्या लेखांकात.